वाचकांचे प्रश्न : विमानाच्या आसनाचे कव्हर कसे बेतावे?

विमानातील प्रवासी आसनांची कव्हरे बेतण्याचे आणि शिवून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. या कामाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपती घेतली आहेत.

प्रश्न : मी वस्त्ररचनेची विद्यार्थिनी आहे. अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून विमानातील आसनांसाठी काढता-घालता येणारी कव्हरे करण्याचे मी ठरवले आहे. सुती कापड अंगाला सुखद वाटते आणि धुवायलाही सोपे असते, मग विमानात ते सहसा दिसत का नाही? माझ्या मार्गदर्शकांना विचारले, तर त्यांनी 'आधी आगीचे नियम वाच' एवढेच सांगितले. कव्हरावर जाड रजईसारखी टीप मारून नक्षी काढावी, असाही विचार आहे.

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांनी योग्य तेच सांगितले आहे. या कामात कापडाची निवड रंगापासून किंवा पोतापासून सुरू होत नाही, ती आगीपासून सुरू होते. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. सुती कापडाला पेटल्यानंतर जळत राहण्यासाठी 18-19 टक्के ऑक्सिजनही पुरतो, म्हणून ज्योत बाजूला घेतली तरी ते जळतच जाते. लोकरीला त्यासाठी सुमारे 25 टक्के ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत तेवढा मिळत नसल्याने ती कोळपते, फुगते आणि बहुधा आपली आपण विझते. विमान कंपन्यांनी अनेक दशके लोकर जवळ केली, त्यामागे हे मोठे कारण आहे. विमानासाठीच्या लोकरी कापडात झिजेला तोंड देण्यासाठी थोडे नायलॉन मिसळलेले असते आणि आग आणखी रोखावी म्हणून बहुतेकदा त्यावर झिर्कोनियम या धातूच्या क्षारांची प्रक्रियाही केलेली असते. दुसरा मार्ग म्हणजे धागा तयार होतानाच ज्यात आगरोधक गुण आणलेला असतो, असे पॉलिएस्टर. सुती कापडही प्रक्रियेने आगरोधक करता येते, परंतु सतत घासल्या जाणाऱ्या आणि वारंवार धुतल्या जाणाऱ्या कव्हरासाठी मी ते निवडणार नाही.

आता नियमांकडे वळू. अमेरिकेतील आणि युरोपातील मोठ्या प्रवासी विमानांचे नियम याबाबतीत जवळजवळ सारखे आहेत. सुट्या कापडाची पट्टी उभी टांगून तिच्या खालच्या कडेला बुन्सेन बर्नरची ज्योत 12 सेकंद धरतात. ज्योत काढल्यावर कापड सरासरी 15 सेकंदांच्या आत विझावे लागते, जळालेला भाग सरासरी 8 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटरपेक्षा, लांब असून चालत नाही आणि वितळून गळालेले थेंब खाली पडल्यावर सरासरी 5 सेकंदांपेक्षा जास्त वेळ जळून चालत नाहीत. कापड उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही धाग्यांच्या दिशेने तपासतात, कारण एका दिशेने नीट वागणारे कापड दुसऱ्या दिशेने तसेच वागेल, याची खात्री नसते.

आपल्या प्रकल्पाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची आहे ती दुसरी चाचणी. त्या चाचणीत कापड एकटे नसते. फोम, त्याच्यावरचा आगरोधक थर आणि सर्वांत वरचे कव्हर असा पूर्ण संच, बैठकीची एक आणि पाठीची एक अशा गाद्यांच्या रूपात चौकटीवर बसवतात आणि सुमारे 1000 अंश सेल्सिअसच्या तेलाच्या बर्नरची झोत मारणारी ज्योत त्यावर एका बाजूने 2 मिनिटे धरतात. असे किमान तीन संच जाळून पाहतात. वजनातील सरासरी घट 10 टक्क्यांच्या आत राहावी लागते आणि जळण्याची लांबी 17 इंचांपलीकडे जाता कामा नये. हा नियम अमेरिकेत 1984 मध्ये आला आणि वापरात असलेल्या विमानांतील गाद्याही त्याप्रमाणे बदलून घेण्यासाठी नोव्हेंबर 1987 पर्यंतची मुदत होती.

त्याआधी, 2 जून 1983 रोजी, एअर कॅनडाच्या 797 क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या स्वच्छतागृहाच्या भागात आग लागली आणि ते डीसी-9 विमान अमेरिकेतील सिनसिनाटीच्या विमानतळावर तातडीने उतरवावे लागले. विमान सुखरूप टेकले, दारे उघडली, माणसे बाहेर पडू लागली, आणि दीड मिनिटाच्या आत आतल्या धुराचा व तापलेल्या वायूंचा एकदम भडका उडाला. विमानातील 46 जणांपैकी 23 जण दगावले. गाद्यांच्या आगीविषयीचे संशोधन त्याआधीच चालू होते, पण आगरोधक थराची गरज या दुर्घटनेने सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी केली. आसनातला पॉलियुरेथेन फोम एकदा पेटला, की उष्णता आणि विषारी वायू झपाट्याने वाढतात. आपण शिवतो ते कव्हर आणि त्याखालचा थर मिळून त्या फोमपर्यंत आग पोहोचायला उशीर लावतात. तेवढ्या उशिरात माणसे दारापर्यंत जातात. मी नवीन मुलांना काम शिकवताना कात्री हातात देण्याआधी हे सांगतो, आणि दरवेळी सांगताना माझा आवाज जड होतो.

यावरून रजईच्या टिपेचे उत्तरही निघते. नक्षीला उठाव यावा म्हणून कव्हराच्या आत घातलेला पातळ फोम किंवा वॅडिंग (कापसासारखे भरण) हा त्या संचातला आणखी एक थर ठरतो, त्यामुळे त्याच्यासह पुन्हा चाचणी करावी लागते. शिवाय बैठकीची जाडी किंवा कडकपणा बदलला, तर बसणाऱ्याच्या शरीराची पातळी बदलते आणि आसनाच्या धक्का-चाचणीत (अपघातासारखा हिसका देऊन आसन तपासतात, त्या चाचणीत) गृहीत धरलेले बसणे तेच राहत नाही. आपण नक्षी अवश्य करावी, मात्र ती विणीतून किंवा एकेरी कापडावरच्या टिपेतून साधावी आणि प्रकल्पासोबत कापडाचा नुसता तुकडा न ठेवता फोम, आगरोधक थर, कव्हर, दोरा आणि वेल्क्रो एकत्र दिसतील असा कापलेला छेद ठेवावा. परीक्षकांना आपली समज त्यातून दिसेल.

प्रश्न : मी सोफ्यांची आणि मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी विमानाच्या जुन्या आसनाच्या गाद्या सरावासाठी आणून दिल्या. माप अगदी अचूक घेऊन कव्हर शिवले. पहिल्या दिवशी ते झकास दिसले, पण थोड्याच दिवसांत बैठकीच्या पुढच्या कडेला झोळ पडला, आणि पाठीच्या खोलगट भागात तर कापड फोमला टेकतच नाही. कुठे चुकले?

उत्तर : माप अचूक घेतले, तिथेच चुकले. फोम हा दाबला जाणारा पदार्थ आहे आणि कापड हे ताणले जाणारे, त्यामुळे फोमच्या मापाचे कव्हर हे प्रत्यक्षात सैल कव्हर असते. लोकरी कापडासाठी मी साधारण 450 मिलिमीटर रुंदीच्या गादीला तयार कव्हर 440 ते 445 मिलिमीटरचे धरतो, म्हणजे फोम आतून कापडाला ढकलत राहतो आणि बसून उठल्यावर सुरकुती आपोआप निघते. यापेक्षा घट्ट केले, तर गादीच्या कडा गोल होतात, आसन फुगीर दिसते आणि ते बदलणाऱ्याच्या बोटांची सालपटे निघतात. नेमका आकडा प्रत्येक कापडाच्या ताणावर ठरतो, म्हणून नव्या कापडाची एक पट्टी आधी हाताने दोन्ही दिशांनी ओढून पाहावी आणि मगच फर्मा कापावा. उभा धागा बैठकीवर पुढून मागे आणि पाठीवर वरून खाली जायला हवा. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, कापलेला तुकडा कोपऱ्यावर सुरेख बसतो, हे खरे, परंतु बैठकीच्या मधल्या भागात उरेब आला, तर तुम्ही म्हणता तो झोळ हमखास पडतो.

पुढच्या कडेकडे बारकाईने पाहा. बसताना प्रवासी आधी कडेवर टेकतो, मग मागे सरकतो, आणि उठताना पुन्हा कडेवरूनच घसरत पुढे येतो. दिवसातून कितीतरी वेळा मांड्यांखालचे हे घर्षण त्याच चार बोटांच्या पट्ट्यावर होते. तुमच्या कव्हरात, माझा अंदाज आहे, वरच्या तुकड्याची आणि समोरच्या पट्टीची शिवण बरोबर त्या कडेवर आली असेल, कारण सोफ्यात ती तिथेच घेतात आणि पायपिंग घालून सजवतात. विमानाच्या आसनात ती शिवण कडेच्या खाली निदान 25 ते 30 मिलिमीटर उतरवावी. वरचे कापड कडेवरून अखंड वळून खाली जाऊ द्यावे आणि शिवणीची माया (टिपेबाहेर राखलेले कापड) आत दोन्ही बाजूंना फाकवून वरून दुहेरी टीप मारावी, म्हणजे मायेचा जाडसर कणा मांडीला टोचत नाही. गोलाईवर मायेला खाचा द्याव्यात, पण त्या टिपेपासून 3 मिलिमीटर अलीकडे थांबाव्यात. टिपेपर्यंत पोहोचलेली खाच आज दिसत नाही, ती सहा महिन्यांनी उसवते.

पाठीच्या खोलगट भागाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला स्वतःला या कामातला हाच भाग सर्वांत आवडतो. कंबरेला आधार देण्यासाठी पाठीच्या गादीला उंचवटा असतो, त्याच्या वर खळगा असतो. ताणलेले कापड उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत सरळ जाते, खळग्यात उतरत नाही. कितीही कसून ओढले, तरी ते आणखीच सरळ होते, म्हणून अशा ठिकाणी ताण वाढवणे हा उपाय होऊ शकत नाही. कव्हर दोन तुकड्यांत करून त्यांची शिवण बरोबर खळग्याच्या तळाशी आणावी आणि त्या शिवणीच्या आतल्या बाजूला वेल्क्रोची अरुंद पट्टी शिवावी. समोर गादीत तेवढ्याच रुंदीची खाच असते, तिच्या तळाशी वेल्क्रोची दुसरी पट्टी बसवलेली असते. कव्हर चढवल्यावर हाताची कड त्या रेषेवरून दाबत नेली, की कापड खळग्यात बसते. तुमच्याकडील जुन्या गादीत अशी खाच आहे का, हे आगरोधक थरावरून बोटे फिरवून पाहा. बहुधा ती असेल. मात्र नवी खाच स्वतःच्या हाताने कापू नका, कारण आगरोधक थराला चीर गेली, की ती गादी सरावापुरतीच उरते.

प्रश्न : कव्हर काढता-घालता यावे म्हणून चेन लावावी की वेल्क्रो? आमच्या लहानशा कार्यशाळेत यावर मतभेद आहेत. चेन मजबूत असते, असे मला वाटते.

उत्तर : चेन मजबूत असते, हे मान्य, पण कव्हर कोण काढणार आणि कुठे बसून काढणार, हे आधी डोळ्यांपुढे आणावे. साध्या वर्गात एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारण 28 ते 32 इंच असते आणि त्यातच आसनाची जाडीही येते. विमान रात्री उभे असताना एखादा कामगार त्या फटीत गुडघे टेकून, अर्धवट उजेडात, बहुतेक वेळा हातमोजे घालून हे काम करतो. चेनचे सरकते टोक शोधणे, दोन्ही बाजू जुळवणे, मध्ये कापड अडकले तर सोडवणे यातले काहीही त्याला तिथे करावे लागू नये. शिवाय चेनचा एक दात निखळला, तर सबंध कव्हर बाद होते. वेल्क्रो थोडा तिरका लागला तरी धरतो. म्हणून आसनावरच काढायच्या कव्हरांना मी वेल्क्रो लावतो, आणि जी गादी बाहेर काढून टेबलावर उघडली जाते, तिच्या मागच्या बाजूला चेन चालते.

वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांपैकी आकड्यांची, म्हणजे बारीक हुकांची, पट्टी कुठे लावायची, यावरून खरे वाद व्हायला हवेत. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला ही कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली आणि 1955 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. त्या फळांप्रमाणेच आकडे समोर येईल ते धरतात. आकडे कव्हराला असले, तर धुलाईच्या यंत्रात ते शेजारच्या कव्हराचे धागे ओढतात आणि स्वतः लोकरीच्या गुंत्याने भरून निकामी होतात. त्यामुळे आकडे आसनाकडे आणि दुसरी, मऊ फाशांची पट्टी कव्हराकडे, हे माझे ठाम मत आहे. काही कारणाने उलट करावेच लागले, तर धुण्याआधी आकड्यांवर मऊ पट्टीचा मोकळा तुकडा चढवून झाकावा. विमानासाठीचा वेल्क्रो आगरोधक असतो, बाजारातला साधा वेल्क्रो दिसायला तसाच असला तरी तो चालत नाही. दोऱ्यालाही हेच लागू आहे. साधे नायलॉन साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळते आणि शिवण उघडी पडते, तर मेटा-अ‍ॅरमिडचा (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम तंतूचा) दोरा वितळत नाही, कोळपतो. आगीत शिवण जितका वेळ मिटलेली राहील तितके चांगले, म्हणून जिथे परवडेल तिथे मी तो वापरतो.

घालण्याच्या बाजूचीही एक युक्ती सांगतो. लोकरी कापड फोमवर सरकत नाही, चिकटून राहते, म्हणून घट्ट कव्हर चढवताना गादीवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालतात, तिच्यावरून कव्हर सरसर उतरते आणि मग पिशवी ओढून काढतात. ती ओढून काढलीच पाहिजे. आमच्या कार्यशाळेत एकदा तयार गादी दाबल्यावर आतून चुरचुर असा आवाज आला. उघडून पाहिले, तर पिशवीचा तळहाताएवढा फाटका तुकडा आतच राहिला होता. चाचणी झालेल्या संचात नसलेली वस्तू आगरोधक थरावर बसून विमानात गेली असती. तेव्हापासून पिशव्यांना क्रमांक घालून त्या मोजून देतो आणि मोजून परत घेतो.

बेतताना सुरक्षा-पट्ट्यांच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, हेही येथेच नमूद करतो. कमरेच्या पट्ट्याचे टोक कव्हराच्या पाळीखाली शिरून दडता कामा नये आणि जीवरक्षक जाकीट ज्या कप्प्यात असते, त्याच्यावर कापडाची लोंबती कड येऊ नये. काही विमानांत बैठकीची गादीच पाण्यात तरंगण्याचे साधन म्हणून वापरायची असते. तिच्या खालच्या बाजूला हात अडकवण्याचे पट्टे असतात, ते कव्हराच्या आत कधीही झाकले जाऊ नयेत.

प्रश्न : लेदर की कापड? हल्ली लेदर पुसून स्वच्छ होते म्हणून सगळे तेच घेतात, असे ऐकले.

उत्तर : पुसून स्वच्छ होते, हे खरेच आहे, आणि फेऱ्यांमधला वेळ कमी असणाऱ्या कंपन्यांना ते सोयीचे पडते. पण लेदर कापडापेक्षा बरेच जड असते. 180 आसनांच्या विमानात बैठक आणि पाठ अशी दोनच कव्हरे धरली, आणि प्रत्येकी 100 ग्रॅमचाच फरक पडला, तरी 36 किलो वजन प्रत्येक उड्डाणात उचलले जाते. शिवाय लेदरमधून हवा जात नाही. माणूस बसला की गादीतली हवा बाहेर पडायला वाट हवी, म्हणून खालचा तुकडा जाळीदार किंवा हवा खेळेल अशा कापडाचा करावा, नाहीतर शिवणीतून फुसफुसाट होतो आणि उठल्यावर गादी चेपलेलीच राहते. लेदरला टाके लांब घ्यावेत. दाट टाक्यांनी पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची रांग तयार होते आणि ते त्याच रेषेवर फाटते. सुईचे भोक बुजत नसल्याने चूक उसवून पुन्हा शिवण्याची सोयही त्यात नाही. मला विचाराल, तर लांबच्या प्रवासात अंगाखाली लोकरी कापडच हवे, कारण ते घाम शोषते आणि माणूस त्यावरून घसरत नाही.

प्रश्न : आमच्या धुलाई केंद्रात एका विमान कंपनीची लोकरी कव्हरे येऊ लागली आहेत. पहिल्या खेपेला आम्ही ती कोमट पाण्यात, कापड मऊ करणारा द्रव घालून धुतली. काही कव्हरे आटली आणि परत आली. पैसे गेले, त्याहून नाव गेले, याचे वाईट वाटते. आता काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपली तळमळ पत्रातून कळते, म्हणून स्पष्ट लिहितो. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओलावा, ऊब आणि घुसळण एकत्र आली, की ते एकमेकांत रुततात आणि पुन्हा सुटत नाहीत. आटलेले कव्हर ओढून मूळ मापाला आणायचा प्रयत्न करू नका. मी वर म्हटले तसे ते आधीच फोमपेक्षा थोडे लहान बेतलेले असते, त्यामुळे आणखी 1 टक्का आटले तरी कोपऱ्याची शिवण सुटते किंवा वेल्क्रोच्या पट्ट्या समोरासमोर येत नाहीत. लोकरी कव्हरांना कव्हर बनवणाऱ्याने सांगितले असेल त्याप्रमाणे कोरडी धुलाईच (ड्राय क्लीनिंग) द्यावी. आगरोधक पॉलिएस्टरची कव्हरे पाण्यात धुता येतात.

मऊ करणारा द्रव मात्र कोणत्याच कव्हराला लावू नका. तो धाग्यावर ज्वलनशील थर सोडतो. जड पाण्यात साबण वापरला, तर त्याची न विरघळणारी पुटेही कापडावर बसतात आणि आग धरायला मदत करतात, म्हणून साबणाऐवजी सौम्य डिटर्जंट घेऊन खळबळणे भरपूर करावे. कापडावर वरून प्रक्रिया केलेली असेल, तर तिचा गुण किती धुलाईंपर्यंत टिकतो, हे कापड बनवणाऱ्याने दिलेले असते. तो आकडा आपल्याकडे लेखी मागून घ्या. तो नसेल, तर कव्हरे स्वीकारू नका, मग समोरचा गिऱ्हाईक कितीही मोठा असो.

आणि धुलाई मोजायची कशी? त्यासाठी प्रत्येक कव्हराच्या आत, वेल्क्रोच्या पट्टीजवळ, लेबल असते. त्यावर भाग क्रमांक, बनवल्याची तारीख आणि धुण्याची पद्धत छापलेली असते, आणि चांगल्या कव्हरांत प्रत्येक धुलाईला खूण करण्यासाठी चौकटीही असतात. कव्हर बेतणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, की हे लेबल शिवणीत एका कडेने न अडकवता चारही कडांनी शिवावे, कारण एका कडेवर लोंबणारे लेबल पाचव्या-सहाव्या धुलाईत फाटून जाते. भाग क्रमांक वाचता न येणारे कव्हर आसनावर पुन्हा चढवता येत नाही, मग त्याचे कापड कितीही नवे कोरे दिसत असो. आपल्या केंद्रात कव्हरे आत घेतानाच लेबल वाचता येते की नाही, ते पाहा आणि न वाचता येणारी बाजूला काढून तशीच परत पाठवा, धुऊ नका.